राखेत सापडलेला नंबर

आत्या वाईला वारली. तिसऱ्या दिवशी सकाळी अस्थी सावडायला आम्ही पाच जण कृष्णेकाठी गेलो. राखेवर पाणी शिंपडून झालं. आतेभाऊ आणि मी हातानं चाचपत एकेक अस्थी मडक्यात टाकत होतो, तेव्हा माझ्या बोटांना काहीतरी जड लागलं. वर काढून पुसलं. मोठ्या लिंबाएवढा गुळगुळीत गोळा, त्याला आखूड मान आणि मानेखाली निमुळता होत गेलेला, वितीपेक्षा थोडा आखूड दांडा. दांड्याला आरपार दोन खिडक्या. आगीनं सगळा निळा-तपकिरी पडलेला, पण कुठं वाकलेला नाही की चिरलेला नाही. भटजींनी एकवार पाहिलं आणि म्हणाले, "हे मडक्यात नको. नदीत लोखंड सोडू नये." आतेभाऊ म्हणाला, "आईची वाटी."

वाटी खरं म्हणजे गुडघ्याला असते आणि आत्याच्या गुडघ्यांना कधी कोणी हात लावला नव्हता. बारा वर्षांपूर्वी ती न्हाणीघरात घसरून पडली, खुबा मोडला आणि ऑपरेशन झालं. पण आमच्याकडे कमरेखाली धातूचं काहीही बसवलं की ती 'वाटी' होते. मी तो तुकडा रुमालात बांधून पुण्याला आणला, धुतला आणि भिंगाखाली धरला. मानेजवळ एक साइजचा आकडा आणि एक लांबलचक नंबर कोरलेला होता. चिंचवडच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये माझी बत्तीस वर्षं गेली. कोरलेला नंबर दिसला की बॅच कुठली, मटेरियल कुणाचं, तपासून पास कुणी केलं हे विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही. आतेभावाला फोन लावला. कागद काहीच नव्हते. डिस्चार्ज कार्ड होतं, ते कधीतरी रद्दीत गेलं. ज्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, त्या जागी आता मंगल कार्यालय आहे. दारातल्या स्कूटरला आरसी बुक असतं. आत्याच्या मांडीत बारा वर्षं राहिलेल्या भागाला काही म्हणजे काही नव्हतं.

सांधेबदलावरच्या या पुस्तकाचे लेखक माझ्या बायकोचे डॉक्टर. तिच्या तपासणीला गेलो तेव्हा त्यांच्या टेबलावर मी रुमाल सोडला. हातात घेण्याआधीच ते म्हणाले, "ऑस्टिन मूर." अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनाच्या डॉ. ऑस्टिन मूर यांनी डॉ. बोहलमन यांच्या साथीनं १९४० मध्ये मांडीच्या हाडाचं वरचं टोक काढून तिथं धातूचा भाग बसवला होता. दांड्यात खिडक्या असलेला नमुना त्यांनी पुढं काढला. खिडक्यांतून हाड वाढावं आणि दांडा जागच्या जागी जखडला जावा, ही त्यातली युक्ती. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसांच्या मोडलेल्या खुब्यात हा स्टेनलेस स्टीलचा दांडा वर्षानुवर्षं बसवला गेला. हे स्टील आपल्या जेवणाच्या डब्यातल्या स्टीलचं सख्खं नाही, चुलत भावंड. "हा अर्धा खुबा," डॉक्टर म्हणाले. "गोळा बदलला, खोबण तिची स्वतःचीच ठेवली." नंबरावरून मात्र त्यांनाही पुढचं काही सांगता येईना.

त्याच दिवशी त्यांनी या पुस्तकाचं हस्तलिखित माझ्या हातात ठेवलं आणि प्रस्तावना लिहा म्हणाले. मी म्हटलं, मला बेअरिंगमधलं कळतं, हाडांतलं नाही. ते म्हणाले, वाचून तर बघा, सगळं बेअरिंगबद्दलच आहे.

वाचलं. ते बरोबर होते. म्हणून मीही बेअरिंगपासूनच सुरुवात करतो.

निरोगी सांध्यात हाडांच्या टोकांवर कूर्चेचा पांढरा, ओलसर, काही मिलिमीटर जाडीचा थर असतो. दोन कूर्चा एकमेकींवर सरकताना जे घर्षण होतं, ते बर्फावर बर्फ सरकताना होतं त्याहूनही कमी. कुठल्याही कारखान्यात इतकं चांगलं बेअरिंग मी पाहिलेलं नाही. पण त्याचा एक मोठा दोष म्हणजे कूर्चेला रक्तवाहिन्या नाहीत, त्यामुळे ती झिजली की भरून येत नाही. लोक म्हणतात, "गुडघ्यातलं वंगण संपलं." माझ्या बायकोलाही शेजारच्या एका काकांनी हेच सांगून कसलंसं तेल आणून दिलं होतं. गंमत अशी, की झिजलेला गुडघा सुजतो तेव्हा आत पाणी कमी झालेलं नसतं, उलट वाढलेलं असतं. संपलेली असते ती कूर्चा. वरून चोळलेलं तेल तिथवर पोचत नाही. चोळणाऱ्या हाताचं सुख मिळतं, आणि तेही काही थोडं नाही.

'गुडघा बदलला' हा शब्दप्रयोगही तसाच ढिला आहे. कोणी गुडघा कापून टाकत नाही. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकावरून आणि नडगीच्या वरच्या टोकावरून आठ-दहा मिलिमीटर हाड कापतात आणि त्या जागी धातूची टोपी चढवतात. दाढेला कॅप बसवतात, त्याच जातीचं काम. नडगीवर धातूचं तबक बसतं, तबकावर प्लास्टिकची गादी आणि वरची कोबाल्ट-क्रोमची गोलाई त्या गादीवर घरंगळते आणि सरकते. खऱ्या वाटीच्या पाठीला कधी प्लास्टिकचं बटण लावतात, कधी लावत नाहीत. यावर डॉक्टरांत एकमत नाही आणि लेखकांनी ते लपवलेलंही नाही. खुब्याचं तसं नाही. तिथं खरोखरच बदलतात. मांडीच्या हाडाचा गोळा कापून बाहेर काढतात, कमरेच्या हाडातली खोबण रिमरनं गोल करून तिथं कप ठोकतात आणि मांडीच्या हाडाच्या पोकळीत दांडा उतरवून त्यावर नवा गोळा चढवतात. खुबा म्हणजे गोळा आणि खोबण, यंत्र म्हणून सोपा. गुडघा एकाच वेळी घरंगळतो, घसरतो आणि थोडा वळतोही. म्हणून खुब्याचं ऑपरेशन झालेला माणूस वर्षभरानं 'कुठल्या बाजूचं झालं होतं' हे विसरतो आणि गुडघ्याचं झालेला सहसा विसरत नाही.

हिचे, म्हणजे माझ्या बायकोचे, गुडघे मी पंधरा वर्षं जवळून पाहिले. शाळेत शिकवायची, वर्ग तिसऱ्या मजल्यावर. आधी जिना चढताना दुखायचं, मग उतरताना, मग ती कठडा धरून आडवी, एकेक पायरी उतरू लागली. पाय धनुष्यासारखे बाहेर वाकले. एक्स-रेत आतल्या बाजूची फट मिटलेली होती. तरी डॉक्टरांनी एक्स-रे बाजूला ठेवून विचारलं, रात्री दुखण्यानं जाग येते का? भाजी आणायला किती लांब जाता? गेल्या वर्षी कुठं गेला होतात, आणि यंदा का नाही गेलात? या तिसऱ्या प्रश्नावर ही गप्प झाली. पुस्तकातलं 'ऑपरेशन कधी' हे प्रकरण मला सगळ्यांत आवडलं, ते या प्रश्नांमुळे. फिल्म कितीही वाईट दिसो, माणूस हिंडतोफिरतो आहे, मांडीचे स्नायू कमावतो आहे, वजन उतरवतो आहे, तर थांबायला जागा आहे. हल्ली काहीजण अक्षरशः गुडघ्याला बाशिंग बांधून येतात. 'आज ऑपरेशन, उद्या चालायला' अशी जाहिरात पाहिलेली असते. चालायला लावतात हे खरं आहे, हिलाही दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं केलं. पण पुढचे सहा आठवडे काय असतात ते जाहिरातीत नसतं. फिजिओची मुलगी रोज यायची, टाच पलंगावर सरकवत गुडघा वाकवायची आणि म्हणायची, "काकू, अजून पाच." त्या पाचातला चौथा आकडा हिनं कधी शांतपणे ऐकला नाही.

आज ही जिना सरळ उतरते. व्रणाच्या बाहेरच्या बाजूला हातभर नाही, पण चार बोटं जागा बधिर आहे, ती तशीच राहणार. खुर्चीतून उठताना कधीकधी खट् असा आवाज येतो, धातू आणि प्लास्टिक भेटल्याचा. ही म्हणते, कुकरचं झाकण बसल्यासारखं वाटतं. हे सगळं सांगण्याचं कारण, गुडघा बदललेल्या दर पाच माणसांत साधारण एक जण आपण समाधानी नाही असं सांगतो, असं परदेशांतल्या पाहण्यांमध्ये पुन्हा पुन्हा दिसलं आहे. ऑपरेशन चुकलं असेलच असं नाही. 'पूर्वीचा गुडघा परत मिळेल' असं त्याला कोणीतरी वाटू दिलेलं असतं.

आता इतिहास. पुस्तकात तो एका प्रकरणात आहे. मी त्यातल्या एकाच माणसापाशी रेंगाळणार आहे, कारण तो डॉक्टर असूनही आमच्या टूलरूमचाच माणूस वाटतो.

त्याआधीचे प्रयत्न बरेच. बर्लिनच्या थेमिस्टोक्लिस ग्लुक यांनी १८९० च्या सुमारास हस्तिदंताचे सांधे बसवून पाहिले. क्षयानं सडलेल्या सांध्यांत ते टिकणं शक्यच नव्हतं. हस्तिदंताची कल्पना मात्र वेडगळ नव्हती. टिळकांमुळे आपल्याला ठाऊक असलेल्या मंडालेत डॉ. सान बॉ यांनी १९६० मध्ये ८३ वर्षांच्या एका बौद्ध भिक्षुणीच्या मोडलेल्या खुब्यात हस्तिदंती गोळा बसवला आणि पुढच्या वीसएक वर्षांत असे तीनशेहून अधिक खुबे केले. ब्रह्मदेशात हत्ती होते आणि परदेशी धातू महाग होता, म्हणून हातात होतं त्यातून त्यांनी वाट काढली.

माझा माणूस इंग्लंडमधला. जॉन चार्नली. लँकेशायर आपल्याला माहीत आहे ते विलायती कापडाच्या होळ्यांमुळे. त्याच परगण्यात विगन गावाजवळ रायटिंग्टन नावाचं क्षयरोग्यांचं जुनं रुग्णालय होतं, तिथं चार्नली यांनी खुब्याचं काम उभं केलं. सुरुवात झाली एका आवाजापासून. त्या काळात प्लास्टिकचा एक गोळा बसवत असत. तो बसवलेला एक पेशंट त्यांच्याकडे आला, त्याचा खुबा इतका करकरायचा की त्याची बायको त्याला टाळू लागली होती. दुसरा डॉक्टर हसला असता. चार्नली यांनी त्यातून धडा घेतला, की घर्षण जास्त असेल तर ते दांड्याला हाडातून ढिलं करणारच. मग त्यांनी उलटा विचार केला. गोळा मोठा कशाला, लहान करा. लहान गोळ्याला फिरवायला कमी जोर लागतो आणि कपावर ओढ कमी पडते. त्यांचा गोळा होता पाऊण इंचाहून थोडा मोठा, नेमका २२.२२५ मिलिमीटर. ज्यानं लेथवर काम केलं आहे त्याला या आकड्यात सात-अष्टमांश इंच लगेच दिसेल.

गोळा धातूचा, कप टेफ्लॉनचा. आपल्या तव्यावर असतं तेच टेफ्लॉन. तीनशेच्या आसपास पेशंटांना त्यांनी तो बसवला आणि पेशंट आनंदानं घरी गेले. दोन-तीन वर्षांत टेफ्लॉन झिजलं. झिजण्यापेक्षा वाईट म्हणजे त्याचा भुगा भोवतीच्या मांसात गोळा होऊन चिघळू लागला. चार्नली यांनी ते सांधे पुन्हा उघडले. भुग्याचंच हे काम आहे याची खात्री करायला त्यांनी टेफ्लॉन स्वतःच्या मांडीत टोचून घेतलं आणि गाठ येताना पाहिली. माझ्या कारखान्यात खराब निघालेला माल परत घेताना आमची तोंडं कशी व्हायची ते मला आठवतं, आणि आमचा माल माणसांत नसायचा.

इथून पुढचा भाग मला फार आवडतो. १९६२ साली एक विक्रेता रायटिंग्टनच्या कार्यशाळेत आला. लँकेशायरच्या यंत्रमागांत दातेरी चाकांना वापरत असत तो प्लास्टिकचा एक ठोकळा त्यानं दाखवला. पॉलिइथिलीन, फार घट्ट जातीचं. चार्नली यांनी त्यात अंगठ्याचं नख रुतवून पाहिलं, वेळ वाया घालवू नका म्हणाले आणि निघून गेले. त्यांचा तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यानं ऐकलं नाही. साहेब परदेशी गेले असताना त्यानं तो ठोकळा झिजेच्या यंत्रावर चढवला आणि रात्रंदिवस चालवला. टेफ्लॉन एका दिवसात जेवढं झिजायचं तेवढं हे तीन आठवड्यांत झिजलं नाही. नोव्हेंबर १९६२ मध्ये पॉलिइथिलीनचा पहिला कप पेशंटमध्ये बसला. धातू आणि पॉलिइथिलीनची तीच जोडी, बरीच सुधारून, आज जगातल्या बहुतेक बदललेल्या गुडघ्यांत आहे. पुढं चार्नली सर झाले. हॅरी क्रेव्हनचं नाव कुठल्या पदवीला जोडलेलं माझ्या वाचनात नाही. टूलरूममध्ये हे नवीन नाही.

कप हाडात पक्का करायला दातांच्या डॉक्टरांकडचं अ‍ॅक्रिलिक त्यांनी उचललं. पावडर आणि द्रव कालवायचा, कणकेसारखा गोळा होतो, हाताला गरम लागतो आणि दहा-बारा मिनिटांत दगड. हिच्या गुडघ्यांत तेच आहे. त्याला सिमेंट म्हणतात, पण ते चिकटवत नाही. हाडाच्या बारीक छिद्रांत शिरून अडकून बसतं. सांध्यात जंतू शिरू नयेत म्हणून चार्नली यांनी ऑपरेशनच्या टेबलाभोवती गाळलेल्या हवेची खोली उभारली आणि सर्जनना झाकून टाकणारे पोशाख शिवून घेतले. या सगळ्यानं त्यांच्याकडचा जंतुसंसर्ग शंभरात सात-आठवरून एकाच्या आसपास आला. आणखी एक गोष्ट त्यांनी केली. पेशंटांना सांगितलं, तुम्ही गेल्यावर खुबा मला परत द्या. कितीतरी जणांनी कबूल केलं. वीस वर्षं चाललेला कप हातात घेऊन तो किती झिजला हे मोजायचं होतं त्यांना. कृष्णेकाठच्या सकाळी मी हे वाचलेलं नव्हतं. वाचलं असतं तर आतेभावाला हे सांगितलं असतं. तुकडा मी घरी नेतोय म्हणून तो जरा नाराज होता.

गुडघ्याचा आजचा ढाचा न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरीत १९७० च्या दशकात तयार झाला. तो घडवणाऱ्या तिघांपैकी एक डॉ. चित्तरंजन राणावत, मूळचे मध्य प्रदेशातले. हे नाव मराठी घरांत पोचलं ते ऑक्टोबर २००० मध्ये, मुंबईच्या ब्रीच कँडीत त्यांनी पंतप्रधान वाजपेयींचा डावा गुडघा केला तेव्हा. २००१ मध्ये उजवा. वाजपेयींची चाल आणि वाजपेयींचा गुडघा यांवर त्या दिवसांत पेपरांत इतकं आलं, की सांधेबदल हा श्रीमंतांचा परदेशी उपचार न राहता पारावर बोलायचा विषय झाला. पुण्यात डॉ. के. एच. संचेती यांनी भारतीय हाडांच्या मापांचा विचार करून 'इंडस' हा देशी गुडघा घडवला, तोही याच ओळीतला.

मापांवरून आठवलं. पाश्चात्त्य पुस्तकांत खुबा पुढं असतो आणि गुडघा मागून येतो, आपल्याकडे उलटं. आपले खुबे वयानं फारसे झिजत नाहीत. ते जातात वेगळ्या कारणांनी आणि बऱ्याचदा तिशी-चाळिशीत. मांडीच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो, गोळा आतून मरतो आणि मग पिचतो. स्टेरॉइड, दारू, अपघात ही नेहमीची कारणं. कोरोनानंतर, २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी स्टेरॉइड घेतलेल्या तरुण पेशंटांत हे पाहिल्याचं सांगितलं. गडचिरोली-नंदुरबारकडे सिकलसेल हे आणखी एक कारण. विळ्यासारख्या वाकड्या रक्तपेशी बारीक वाहिन्या तुंबवतात. पुस्तकात यावर चारच पानं आहेत. मला ती अपुरी वाटली, आणि लेखकांना तसं मी सांगितलंही.

गुडघ्यांचं सांगायचं तर आपण जमिनीवरची माणसं. पंगतीत मांडी, पूजेला मांडी, भाजी निवडायला मांडी, आणि सकाळी उकिडवं. बदललेला गुडघा साधारण ११० ते १२० अंशांपर्यंत वाकतो. पूर्ण उकिडवं बसायला त्याहून बरंच जास्त लागतं. म्हणून खुर्ची आणि कमोड. 'हाय-फ्लेक्स' नावाचे गुडघे भारतीय बैठकीसाठी म्हणून खपवले गेले. पण ऑपरेशननंतर किती वाकेल हे मुख्यतः ऑपरेशनआधी किती वाकत होतं यावर ठरतं, टोपीच्या नावावर नाही. हिनं देवघराचा कट्टा गवंड्याकडून हातभर उंच करून घेतला. पंगतीला मात्र अजूनही हळहळते.

टिकतो किती, हे सगळेच विचारतात. २०१९ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या अभ्यासांत देशपातळीवरच्या नोंदी एकत्र पाहून दिसलं, की पंचवीस वर्षांनंतरही पूर्ण बदललेल्या गुडघ्यांतले १०० पैकी सुमारे ८२ आणि खुब्यांतले सुमारे ५८ जागेवर होते. यात मेख वयाची. सत्तरीनंतर सांधा बदलला तर उरलेल्या आयुष्यात तो पुन्हा बदलावा लागण्याची शक्यता वीसात एकाच्या आसपास, आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावरच्या पुरुषांत ती तीनात एक. जास्त वर्षं जगणार, जास्त चालणार, जास्त झिजणार. झिजणं म्हणजे गादी पातळ होणं एवढंच नाही. चार्नलींना टेफ्लॉनमध्ये दिसलं तेच पॉलिइथिलीनमध्ये सावकाश घडतं. डोळ्यांना न दिसणारे कण सुटतात, शरीरातल्या साफसफाई करणाऱ्या पेशी ते गिळतात आणि ते पचत नाहीत. त्या गडबडीत भोवतालचं हाड विरघळायला लागतं आणि घट्ट बसलेला दांडा ढिला होतो. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून किरणोत्सर्गानं बांधणी घट्ट केलेलं पॉलिइथिलीन आलं. ते बरंच कमी झिजतं. सिरॅमिक त्याहून कमी झिजतं, पण क्वचित करकरतं, आणि चार्नलींचा तो पेशंट आठवतो.

जाहिरातींत येणारा सोनेरी गुडघा, रोबो, 'तीस वर्षं बघायला नको' यांवर मी थोडक्यात सांगतो. सोनेरी रंग हा धातूवरचा नायट्राइडचा पातळ थर आहे. तीस वर्षं टिकतो म्हणायला तीस वर्षं व्हावी लागतात. रोबो स्वतः ऑपरेशन करत नाही. हाड कुठं आणि किती कापायचं याची अचूक चौकट धरतो. आमच्या भाषेत तो फार महागडा जिग आहे. जिग चांगला असावाच. पण दोन्ही बाजूंची बंधनं किती सैल आणि किती ताठ ठेवायची हे शेवटी हातालाच कळतं. गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर सरकारनं १६ ऑगस्ट २०१७ रोजी कमाल मर्यादा आणली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोम गुडघ्याची तेव्हा ५४,७२० रुपये, कर वेगळा. पूर्वी तोच दीड लाखांच्या घरात विकला जायचा. त्यानंतर बिलं तितक्या प्रमाणात उतरली का, हे ज्याच्या त्याच्या हातातल्या बिलावरून दिसेल.

मला खरं बोलायचं आहे ते कोरलेल्या नंबराबद्दल.

२००० च्या दशकात धातूवर धातू घासणारे मोठ्या गोळ्याचे खुबे आले. प्लास्टिकच नाही तर भुगा नाही, असा हिशोब. डीप्यू कंपनीचा एएसआर हा त्यांतला एक. कप पातळ आणि उथळ होता, तो जरा तिरका बसला तरी कडेवर भार यायचा, आणि मग प्लास्टिकचे कण नाही तर कोबाल्ट-क्रोमियम सुटायचं. हे पहिल्यांदा ठामपणे दिसलं ते ऑस्ट्रेलियात. तिथं प्रत्येक बदललेल्या सांध्याची राष्ट्रीय नोंद होते. कुठला नमुना इतरांपेक्षा जास्त वेळा परत काढावा लागतोय, हे त्या वहीतून वर आलं. स्वीडननं अशी वही गुडघ्यांसाठी १९७५ मध्येच सुरू केली होती. एएसआर २००९ मध्ये ऑस्ट्रेलियातून आणि ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून मागं घेतला गेला. तोवर तो सुमारे ९३ हजार माणसांमध्ये बसला होता.

भारतात तो सुमारे ४,७०० ऑपरेशनांत वापरला गेला होता. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानं पाठपुरावा केला, पुढं केंद्रानं तज्ज्ञ समिती नेमली आणि २०१८ मध्ये ३० लाखांपासून १.२३ कोटींपर्यंत भरपाईचं सूत्र ठरलं. पण भरपाई द्यायची कुणाला? मदतवाहिनीत नाव नोंदवलेले पेशंट हजाराच्या आसपास. बाकीच्या साडेतीन हजारांहून अधिक जणांचा पत्ताच लागेना. दवाखान्यांनी नोंदी ठेवल्या नव्हत्या किंवा त्या हरवल्या होत्या, आणि पेशंटांना आपल्या खुब्यात कुठल्या नावाचं काय आहे हे माहीत नव्हतं. गाडीत खोट निघाली तर कंपनी चॅसी नंबरावरून मालकाच्या दारात येते. या माणसांना त्यांच्या कमरेतला चॅसी नंबरच कोणी दिला नव्हता.

नंबर असतो. मी आता सगळ्यांना सांगत सुटलो आहे. इम्प्लांटच्या प्रत्येक खोक्यात चिकटपट्ट्या असतात. टोपीची एक, तबकाची एक, गादीची एक, सिमेंटचीसुद्धा एक. त्यांवर कंपनी, माप, मटेरियल, बॅच. एक संच दवाखान्याच्या केसपेपरवर लागतो, एक पेशंटच्या फाइलीत लागावा अशी अपेक्षा असते. हिच्या पहिल्या गुडघ्याच्या वेळी फाइल हातात आली तेव्हा त्या जागी कोरा चौकोन होता. मी काउंटरवर विचारलं. तिथल्या मुलानं आधी माझ्याकडे, मग बिलाकडे पाहिलं आणि म्हणाला, "काका, बिलात आलंय ना सगळं." बिलात 'इम्प्लांट, १ नग' असं होतं. मी बसून राहिलो. दीड तासानं चार चिकटपट्ट्या एका पिवळ्या कागदावर लावून आल्या.

ही प्रस्तावना लिहिताना त्या खऱ्या मापांसकट एकदा बघाव्यात म्हणून मी कपाट उघडलं, तर फाइल होती आणि पिवळा कागद नव्हता. दुसऱ्या गुडघ्याचाही नव्हता. मी हिला हाक मारली. हिनं स्टूल न घेता, हात उंच करून वरच्या कप्प्यातलं सोनाराच्या पावत्यांचं पाकीट काढलं. आत दोन पिवळे कागद घडी घालून ठेवले होते. एकावर तिच्या शाळेतल्या अक्षरात 'उजवा', एकावर 'डावा', खाली तारखा. मी विचारलं, इथं का ठेवलेत?

"अहो, घरातलं हे एकच पाकीट आहे," ही म्हणाली, "जे तुम्ही न उघडता रद्दीत टाकत नाही."